विलंब : जास्त

१४ ऑक्टोबर, मंगळवार

यामिलेतचं खोकं एकदाचं आलं. वालेन्सियाहून इथे काली शहरात पोचायला त्याने जेवढे दिवस घेतले, तेवढ्यात मी समुद्र पोहून जाऊन लेकीच्या हातचं जेवूनही आले असते.

आत दोन वस्तू. एक साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी आणि एक बिनवायरचा स्पीकर, पावाच्या लादीएवढा. लेक फोनवर म्हणाली, "आई, डबी खाली टर्नटेबलजवळ ठेव, स्पीकर वर बाबांच्या उशाशी. डबी गाणं पकडते आणि घरातल्या वायफायवरून वर फेकते. कळलं?"

"निम्मा जन्म मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अख्ख्या शहराच्या खुंट्या जोडल्या," मी म्हटलं, "आणि मला विचारतेस कळलं का?"

एलिएसेरला अजून काही बोलले नाही. ऑगस्टमध्ये हा शहाणा वरच्या फळीवरची तबकडी काढायला स्टुलावर चढला, आणि स्टूल, तबकडी आणि हा, तिघंही खाली आले. तबकडी वाचली. याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून हा वर झोपायच्या खोलीत, आणि याचं सगळं आयुष्य खाली दिवाणखान्यात, जमिनीपासून छतापर्यंत रचलेलं. टर्नटेबल वर नेऊया म्हटलं तर म्हणतो, वरची जमीन लाकडी आहे, कुणी पाऊल टाकलं की सुई उडेल. पलंग खाली आणूया म्हटलं तर संडास वर. झालं.

व्यायाम घ्यायला येणारी लीदा काल दारात हळूच म्हणाली, "सेन्योरा, हाड छान जुळलंय. पण यांना चालायचंच नाहीये. मी म्हणते चला, तर म्हणतात, चालून जायचं कुठे?"

हे मी यामिलेतला सांगितलं होतं, म्हणून हे खोकं. बोलायचं माणूस वर तोंड मिटून बसलंय, म्हणून ही वही.

१५ ऑक्टोबर

स्पीकर नेऊन त्याच्या उशाशी ठेवला.

"हे काय?"

"तुझ्या लेकीने पाठवलंय. गप्प ऐक."

खाली येऊन टर्नटेबलच्या वायरी काढल्या, डबीत खुपसल्या, सुई ठेवली. वर जाऊन ऐकायची सोय नाही. सुई एकटी सोडायची नाही, हा या घरातला दहा आज्ञांनंतरचा अकरावा नियम आहे. तबकडी फिरत असेपर्यंत घरातलं कुणीतरी खाली पाहिजे. तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून मधल्या चौकात तोंड काढलं आणि त्याच्या खिडकीकडे बघून ओरडले, "येतंय का?"

"डास येतोय!"

"काय?"

"डास! अख्खा वाद्यवृंद डासाच्या आवाजात वाजतोय! अगं, सुईचा आवाज मुळात मुंगीएवढा. तो आधी ॲम्प्लिफायरमधून जाऊ दे, मग तुझ्या त्या डबीत घाल. मागे बघ, पूर्वी कॅसेटचं यंत्र लावायचो, ती भोकं आहेत."

ऑगस्टपासून इतकं लांब वाक्य तो पहिल्यांदा बोलला. खुंट्यांच्या बाबतीत तो बरोबर निघाला याचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

१६ ऑक्टोबर

जमलं! ॲम्प्लिफायरमागे बोटभर धूळ आणि एक मेलेलं झुरळ होतं, ती दोन्ही काढली. टर्नटेबल ॲम्प्लिफायरला, ॲम्प्लिफायरच्या कॅसेटच्या भोकांतून वायर डबीला, डबीतून हवेत, हवेतून वर. खाली आपले जुने मोठे लाकडी स्पीकर होते तसेच वाजतायत. ते मी बंद करणार नाही. मलाही कान आहेत.

एक जुना बोलेरो लावला. पूर्ण बाजू वाजू दिली. सुई उचलून जिना चढले. डोळे पुसून झालेले होते, हे दिसत होतंच. मला बघून म्हणाला, "डावीकडचा आवाज जरा कमी येतोय. सुई पुसत जा, म्हातारे."

मला इतकं बरं वाटलं की खाली येऊन खरोखरच सुई पुसली.

२१ ऑक्टोबर

दिवस छान चाललेत. सकाळी एक बाजू, दुपारी चारचा वारा सुटला की दोन. सगळी संथ गाणी मागतो. उपासानंतर आधी पेज, मग जेवण, असं म्हणतो. मधल्या वेळात गुळाचं पाणी आणि गरम पान्देबोनो, चीजचे छोटे पाव.

एकच कटकट. वरचा आवाज मध्येच तुटायचा, गाणाऱ्याला उचकी लागल्यासारखा. यामिलेतला फोन लावला. हिच्याशी बोलताना एकमेकींच्या बोलण्यात बोलणं जातं. मी बोलते तेव्हा ती बोलते, मी थांबले की तीही थांबते. पूर्वी समुद्रापलीकडचे कॉल जोडायचे तेव्हाही असंच व्हायचं. गिऱ्हाइकांना मी सांगायचे, "बोला आणि थांबा. बोला आणि थांबा."

ती कामावर होती, घाईत. "आई, जिन्याची भिंत जाड आहे, वायफाय कमी पोचतंय. फोनमध्ये ते डबीचं ॲप उघड. आत 'विलंब' लिहिलंय बघ. कमी, मध्यम, जास्त. 'जास्त' कर, मग तुटणार नाही. ठेवते!"

केलं. खरंच तुटायचं थांबलं. विलंब कशाचा ते विचारायचं राहिलं. बहुतेक गाणं संपल्यावर स्पीकर किती वेळाने झोपी जातो, ते असेल. जास्तच असू दे. पुन्हापुन्हा त्याला उठवायला जिना कोण चढेल!

२९ ऑक्टोबर

आज त्याने आपणहून काम्पाना मागितली, त्याची दांडक्याने ठोकून वाजवायची लोखंडी घंटा.

माळ्यावरून काढली, गंज पुसला, दांडकं शोधलं. एरवी हे लोखंड गाईच्या गळ्यात असतं तर किती शांतता असती, असं मी चाळीस वर्षं म्हणत आले. आज ते वर नेताना मिरवणुकीत देव नेतात तसं नेलं. तो नुसताच मांडीवर घेऊन बसला, वाजवली नाही.

मग म्हणाला, "सव्वीस डिसेंबरला किती दिवस आहेत?"

सव्वीसला संग्राहकांचा मेळावा. जत्रेच्या दिवसांत सगळे आपापल्या तबकड्यांच्या पेट्या घेऊन बागेत जमतात, प्रत्येकाला पाळी मिळते, आपल्या तबकड्या लावायच्या. एलिएसेरच्या पाळीला तबकडीबरोबर त्याची काम्पाना असते आणि कोरसला मी. आमचं लग्न झाल्यापासून एकही वर्ष चुकलेलं नाही. पाळ्या ठरवणारा तुलियो, आमचा कोंपाद्रे, यामिलेतचा धर्मपिता.

"भरपूर आहेत," मी म्हटलं.

"मग लीदाला सांग, उद्या जरा लवकर ये."

चालून जायचं कुठे, ते सापडलं त्याला.

२ नोव्हेंबर, रविवार

लिहू की नको, कळत नाही.

चार वाजता त्याने खिडकीतून चौकात हाक मारली, "म्हातारे, पेज पुरे! आज पंचेचाळीसवर लाव!"

मिनिटाला तेहेतीस फेऱ्यांची तबकडी पंचेचाळीसवर. परगावची माणसं याला हसतात. हसोत बापडी. बाहेरून आलेल्या तबकड्या आमच्या तरुणपणी आमच्या पायांना संथ वाटल्या, म्हणून आम्ही त्या पळवल्या. गाणारा खारीच्या आवाजात गातो आणि पाय जमिनीला टेकत नाहीत. याच वेगावर एलिएसेरने मला पहिल्यांदा नाचायला विचारलं होतं, आणि मी त्याच्या पायांकडे बघून हो म्हटलं होतं, तोंडाकडे नंतर बघितलं.

लावली. पटकन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिले, माझी कोरसची जागा. काम्पाना सुरू झाली.

आणि मागे पडली.

आधी वाटलं चेष्टा करतोय. पण नाही. गाणं पुढे आणि ठोका मागे, बस सुटल्यावर धावणाऱ्या माणसासारखा. सगळी बाजूभर. ज्याच्या हातावरून लोक आपली घड्याळं लावतील असा हा माणूस! मी कोरस मोठ्याने म्हटला, त्याला धरायला काठी म्हणून. त्याने काम्पाना थांबवली.

सुई उचलून वर गेले तर ती पांघरुणाखाली ठेवलेली.

"छान वाजली," मी म्हटलं.

त्याने मला शेजारी बसायला जागा केली. "दमलीस का गं आज?"

"मी? मी कशाला दमेन?"

"नाही, सहज."

३ नोव्हेंबर

भूल देतात तेव्हा माणसाचं काय काय झोपवतात आणि त्यातलं काय उठवायचं विसरतात, कोण जाणे.

९ नोव्हेंबर

पुन्हा पंचेचाळीस. पुन्हा तेच. मग मुद्दाम तेहेतीसवर लावली, तिथेही मागेच. हात डळमळत नाही, हे नवल. ठोके एकसारखे, स्वच्छ, पूर्वीसारखे. फक्त सगळेच्या सगळे उशिरा. मी दारात उभी राहून डाळ ढवळत होते, आणि डाळीत पाणी घालायची गरज नव्हती, एवढंच लिहिते.

त्याला कळत नाहीये. हे सर्वांत वाईट. चेहरा कसा समाधानी! नाही, तेही खरं नाही. मी वर जाते तेव्हा चेहरा काळजीत असतो. मनातून कळत असेल का?

आज जेवताना म्हणाला, "तुझे कान वाजतात का गं हल्ली?"

"कान तुझे वाजत असतील."

"नाही, तुलियोची बहीण सांगत होती, वय झालं की कानात..."

"तुलियोच्या बहिणीला म्हणावं, आधी जीभ तपास."

हसला नाही. एरवी खो खो हसला असता.

१४ नोव्हेंबर

लीदा खूश. कालपासून तो जिन्याच्या वरच्या पायऱ्या उतरतो आणि चढतो. कठडा धरून, दात ओठ खात. तिने थांबा म्हटलं तरी थांबत नाही. "सेन्योरा, तुम्ही यांना काय खायला घालताय? यांना कुठेतरी पोचायची भलतीच घाई लागलीय."

मला माहीत आहे कुठे ते. म्हणूनच पायरीचा आवाज आला की मी स्वयंपाकघरात भांडी वाजवायला लागते. माणसाला उठायला कारण मिळालं, आणि त्या कारणापाशी पोचल्यावर सगळ्या गावासमोर त्याचं हसं होणार. ती मंडळी निर्दयी आहेत. मुलगा चुकला तर टाळ्या वाजवतील, पण उस्ताद चुकला तर घरी जाऊन महिनाभर चघळतील.

देवा, त्याला चालू दे आणि सव्वीस तारीख येऊ देऊ नकोस. हे एकाच दमात मागता येत नाही, तरी मागितलं.

१८ नोव्हेंबर

केलं. बरोबर की चूक, ठाऊक नाही.

बेकरीत तुलियो भेटला. त्याला बाजूच्या टेबलाशी ओढलं. "कोंपाद्रे, एक मागते, आणि मेलास तरी एलिएसेरला सांगू नकोस."

"एवढं काय आहे, कोमाद्रे?"

"त्याची पाळी काढ. जागा कमी आहे म्हण, पाऊस म्हण, काहीही म्हण. त्याचा हात गेलाय. काम्पाना मागे पडते."

तुलियोच्या घशात पान्देबोनो अडकला. खोकून खोकून लाल झाला. मी पाठीत दोन गुद्दे घातले. पाणी प्यायला, टोपी काढली, परत घातली.

"काम्पाना मागे पडते," तो म्हणाला.

"हो."

"तू नीट ऐकलंस? तुझ्या कानांनी?"

"आता तूही माझ्या कानांवर येऊ नकोस!"

"बरं बरं. मला जरा विचार करू दे." आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं माझंच कुणीतरी गेलंय. मग म्हणाला, पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी माझ्या हातचा सान्कोचोचा रस्सा खायला येतो.

घरी आले तर वर काठीचा टकटक आवाज. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी दारात बसून थोडं रडले. मग भात लावला.

२४ नोव्हेंबर

यामिलेतचा फोन. इकडचं तिकडचं बोलून म्हणते, "आई, कान कधी दाखवले होतेस गं?"

आता मात्र हद्द झाली. सगळ्या जगाला माझ्या कानांचं काय पडलंय? तिला सांगितलं की माझ्या कानांनी मी एकेकाळी ग्वायाकिलचा माणूस आणि कितोचा माणूस नुसत्या 'हॅलो'वरून ओळखत होते. फोन ठेवला. मग वाईट वाटलं. पोर लांब आहे, काळजी कशाची करावी ते तिला कळत नसेल.

३० नोव्हेंबर, रविवार

आज सगळं क्रमाने लिहिते.

तुलियो आला. आधी वर जाऊन एलिएसेरशी गप्पा मारल्या. मग खाली येऊन सान्कोचो दोनदा घेतला, केळं तीनदा. एलिएसेरचं ताट मी वर दिलं होतं. चारचा वारा सुटल्यावर वरून हाक आली, "कोंपाद्रे आहे तोवर पंचेचाळीसवर होऊन जाऊ दे!"

मी तुलियोकडे बघितलं. बघ आता, ऐक. तबकडी लावली आणि दारात माझ्या जागेवर आले. काम्पाना मागे पडायला लागली. मी कोरस धरला. तुलियो खुर्चीत मान खाली घालून बसला होता, जसा माणूस दोन्हीकडच्या पाहुण्यांचं भांडण ऐकत बसतो.

मग तो उठला. त्याच्या वयात सान्कोचोनंतर उठावंच लागतं, आणि संडास वर. जिना चढायला लागला.

आणि अर्ध्यात थांबला.

मला वाटलं, छातीत दुखतंय. दोन पायऱ्या वर गेला. परत उतरला. पुन्हा वर. वर खोलीचं एरवी बंद असणारं दार त्याने मघाशी उघडंच टाकलं होतं. तो एक कान वर आणि एक खाली करून उभा राहिला, मग कठड्याला धरून खाली बसला आणि त्याचे खांदे हलायला लागले.

"कोंपाद्रे! काय होतंय?"

त्याने नुसतीच हाताने खूण केली, ये.

"सुई..."

"मरू दे ती सुई! इकडे ये!"

चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी सुई एकटी सोडली आणि जिना चढले. त्याने मला शेजारी बसवलं. "बोलू नकोस. ऐक."

खालून मोठे स्पीकर वाजत होते. वरून, उघड्या दारातून, तोच वाद्यवृंद वाजत होता. तेच गाणं, पण मागून. खाली तुतारी संपायची आणि वर तीच तुतारी सुरू व्हायची. आणि एलिएसेरची काम्पाना, देवा, वरच्या गाण्यावर ठोक्याला ठोका, केसाएवढाही फरक नाही. विशीत होती तशी.

आयुष्यभर समुद्रापलीकडचे कॉल जोडले मी. हा आवाज मला कळायला नको होता?

"हात गेलाय म्हणे," तुलियो डोळे पुसत म्हणाला.

"गप्प बस."

"आणि तुझा कान."

"माझ्या कानाचं काय?"

मग त्याने सांगितलं. बेकरीत मी त्याला गाठण्याआधीच एलिएसेरने त्याला फोन केला होता. "कोंपाद्रे, यंदा माझी पाळी काढ. ओतीलियाचा कोरस गाण्याच्या पुढे पळतो. गाणारा तोंड उघडायच्या आत हिचं गाऊन होतं. बिचारीला कळतही नाही. चारचौघांत तिचं हसं झालेलं मला बघवणार नाही. तिला सांग, माझा खुबा दुखतो म्हणून." आणि याच माणसाने लेकीलाही सांगून ठेवलं होतं, आईला कान दाखवायला सांग म्हणून.

तबकडी संपली. खाली सुई गोल गोल फिरत खरखरत होती. जरा वेळाने वरही खरखर सुरू झाली. वरून एलिएसेर ओरडला, "सुई कोण बघतंय? म्हातारे! अगं, कुणी मेलंबिलं का?"

मी वर गेले आणि त्याच्या कपाळाचा मुका घेतला, मग त्याच्या दंडावर एक चापट मारली. दोन्ही कशासाठी, ते तुलियोने त्याला सांगितलं.

१ डिसेंबर

यामिलेत म्हणाली, "आई! विलंब म्हणजे विलंब! आवाज उशिरा जातो, म्हणून तुटत नाही. तुला काय वाटलं?"

मला काय वाटलं ते मी तिला सांगणार नाही. इथेही पुन्हा लिहिणार नाही.

'कमी' करून बघितलं तर गाण्याचा नुसता चुरा येतो. 'मध्यम'ला उचकी. शेवटी 'जास्त'च ठेवलं. एलिएसेरने तुलियोला आमची पाळी परत लावायला सांगितली. तुलियो म्हणाला, काढलीच नव्हती. "तुम्हा दोन शहाण्यांचं ऐकून मी कधीच काही करत नाही," म्हणे.

४ डिसेंबर

आज मजा झाली. पंचेचाळीसवर लावली. मी ठरवलं, त्याला वर उशिरा ऐकू येतं ना, मग आपणच कोरस जरा थांबून म्हणू. बोला आणि थांबा. तर काम्पाना पार पुढे पळाली! मी आणखी थांबले, ती आणखी पळाली. सुई उचलून वर गेले.

"हे काय चाललंय?"

"तुला खाली आधी ऐकू येतं ना, म्हणून मी आधी वाजवतोय."

मी त्याच्यासाठी थांबले, तो माझ्यासाठी पळाला. दोघांचं मिळून पुन्हा जमलं नाही ते नाहीच. पलंगावर बसून इतकं हसलो की त्याचा खुबा दुखायला लागला.

"म्हातारे," तो म्हणाला, "हे असं नाही जमायचं. मलाच खाली यावं लागेल."

७ डिसेंबर, रविवार

संध्याकाळी मेणबत्त्या लावायचा दिवस. सगळ्या गल्लीने उंबऱ्यांवर ओळी लावल्यात. घरात नातियाची खीर शिजलेली, बुन्यूएलोचे वडे तळून झालेले.

पाच वाजता तो उतरला. पुढे तुलियो उलटा चालत, मागे मी त्याच्या पट्ट्याला धरून. मधल्या पायरीवर जरा थांबला. तिथून मेणबत्त्या दिसतात. शेवटच्या पायरीवर म्हणाला, "हात सोड. पडलो तर तबकड्यांवर पडेन, चांगल्या जागी." पडला नाही.

दिवाणखान्यात त्याच्या खुर्चीत बसला. सगळ्या फळ्यांवरून नजर फिरवली. मी काय काय उलटसुलट लावलंय ते त्याला लगेच दिसलं, पण आजच्या दिवसापुरतं बोलला नाही.

"सव्वीसला आता वेळेत पोचशील," मी म्हटलं.

"सव्वीसचं काय?"

"काय म्हणजे? त्याच्यासाठीच तर जिन्याशी मारामारी केलीस."

तो काम्पानावर अंगठा फिरवत राहिला. तुलियो उठून बाहेर मेणबत्त्या बघायला गेला, एकही विझलेली नसताना.

"पाळी तर मी केव्हाच सोडून दिली होती," एलिएसेर म्हणाला. "तुला कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. तू एकटी गेली नसतीस. यामिलेत लांब. म्हटलं, निदान बसपर्यंत चालता आलं पाहिजे."

म्हणजे मी खाली डाळीत रडत होते तेव्हा हा वर माझ्या कानांसाठी येरझाऱ्या घालत होता. मी फळीवरची एक उलटी तबकडी काढून सरळ लावली.

"गुरुवारची वेळ घेतलीय," तो म्हणाला. "ती रद्द करायची नाही. जाऊन येऊ. बसने."

"माझे कान ठणठणीत आहेत."

"मग डॉक्टरांनाही ऐकू दे."

मी तबकडी काढली, पुसली, पंचेचाळीसवर सुई ठेवली. आज स्वयंपाकघराच्या दारात गेले नाही, त्याच्या खुर्चीला टेकून उभी राहिले. काम्पाना पडली ती बरोबर जागेवर. मी कोरस धरला तोही जागेवर. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. हे जमणारच होतं असा चेहरा करून दोघांनीही शेवटपर्यंत वाजवलं आणि गायलं. बाहेर तुलियो दारातच नाचत होता, त्याचं वय विसरून.

बाजू संपली. सुई उचलली. घर शांत झालं, आणि वरून, रिकाम्या खोलीतून, गाण्याचा शेवटचा तुकडा पुन्हा एकदा आला. स्पीकर बंद करायचा राहिला होता.

"वर अजून कुणीतरी वाजवतंय," एलिएसेर म्हणाला.

"वाजवू दे," मी म्हटलं. "येईल तोही खाली."